ओव्हर दिल्याशिवाय

आमच्या बाई संडासला जायच्या तरी ओव्हर देऊन जायच्या.

दवाखान्यात ज्यानं काम केलं नाही त्याला हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. नर्सची पाळी बदलते तेव्हा जाणारीनं येणारीला वॉर्ड समजावून द्यायचा असतो. एकेका खाटेपाशी उभं राहून. या पेशंटला काय झालंय, सलाईन कधी लावलं, इंजेक्शन कधी द्यायचं, आणि शेवटी कात्र्या किती, थर्मामीटर किती, चादरी किती. याला ओव्हर म्हणतात. बाकीच्या सिस्टर दारातच उरकायच्या. सगळं ठीक हाय, पाचला सलाईन चालू, एवढं बोललं की पर्स खांद्याला आणि निघाल्या कर्जतची रिक्षा पकडायला. आमच्या बाई इन्चार्ज सिस्टर, त्यांची ओव्हर पाऊण तासाची. आणि त्या ओव्हरला पाळी बदलायचीच गरज नव्हती. दोन मिनिटं आत जायचं झालं तरी मला हाक मारायच्या. "मामा, इकडं या. तीन नंबरची बाटली दोन बोटं उरलीय. मी येईपर्यंत ती तुमची." मग मी तिथं उभा, बाटलीकडं बघत. हातातली बादली हातातच.

दवाखान्यात वॉर्डबॉयला मामा म्हणतात. केस पिकले तरी कागदावर आम्ही बॉयच, त्यापेक्षा मामा बरं.

दवाखाना ट्रस्टचा. कर्जत आणि चौक गावाच्या मधे, रस्त्याला लागून. नाव सांगत नाही, अजून चालू आहे आणि माणसं वाईट नाहीत. खाली पुरुषांचा वॉर्ड आणि बाळंतपणाची खोली, वर बायकांचा वॉर्ड. मी तिथं एकतीस वर्षं काढली. शिक्षण म्हणाल तर चौथी. पाचवीला मास्तरानं नसलेल्या चुकीसाठी कानाखाली मारली, मी परत गेलो नाही. त्याचा पश्चात्ताप अजून झालेला नाही. पण हजेरीच्या मस्टरवर सही मात्र मी अशी करायचो की क्लार्क म्हणायचा, मामा, तुमची सही साहेबापेक्षा मोठी. एकतीस वर्षांत माझ्या नावापुढं लाल शाई लागली नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. लाल शाई म्हणजे गैरहजर.

बाईंचा बाप चौकला जुन्या हायवेवर पंक्चर काढायचा. टपरीच्या मागंच घर. बाई लहानपणी ट्यूब धरायला बसायच्या, आणि नर्सिंगमध्ये काय शिकल्या असतील ते असतील, पण बोलायच्या मात्र त्याच टपरीवरचं. नवीन सिस्टर आली आणि पेशंटला विचारायला लागली, काका बरं वाटतंय ना, की बाई मागून म्हणायच्या, "त्याला काय विचारतेस? हो म्हणंल तो. ट्यूब पाण्यात धर, बुडबुडा आपोआप बोलतो." म्हणजे डोळे बघ, जीभ बघ, ताटात काय उरलंय ते बघ. कुणी नुसतीच गोड बोलणारी असली तर म्हणायच्या, हवा चांगली भरते, पंक्चर शोधत नाय.

त्यांच्या गळ्यात काळ्या नाडीत एक लोखंडी पाना असायचा. ऑक्सिजनचं सिलिंडर उघडायचा पाना. कधीतरी तो वेळेवर सापडला नव्हता म्हणे, तेव्हापासून त्यांनी तो गळ्यात घातला तो घातलाच. लग्नाकार्यालासुद्धा. सोन्याची पोत वर, पाना खाली. एकदा आमच्या विहारात नातेवाइकांच्या लग्नाला आल्या तेव्हा बायका टकामका बघत होत्या. बाईंनी विचारलं, "काय गं, डिझाइन आवडली का?"

पेशंटला नंबरानं हाक मारायची नाही, नावानंही नाही. गावानं मारायची. ए चौक, गोळी घेतलीस का. ए कळंब, उठ, अंग पूस. बायकांना मात्र सासरच्या गावानं नाही, माहेरच्या. पहिल्या दिवशी विचारून घ्यायच्या, माहेर कुठलं गं? सासरचं गाव रेशनकार्डावर असू दे, माझ्या वॉर्डात माहेर चालतं. एका गावच्या दोघी आल्या तर थोरली कोंडाणे आणि धाकटी कोंडाणे. मी हसायचो. पण सत्तर वर्षांची म्हातारी माहेरच्या गावानं हाक आली की खाटेवर उठून बसायची, हे मी डोळ्यानं बघितलंय.

आता संपाचं सांगतो. बाई युनियनच्या. आमच्याच नव्हे, आजूबाजूच्या दोन तालुक्यांतल्या नर्सा त्यांना मानायच्या. सभेत बोलायला उभ्या राहिल्या की खुर्च्या कमी पडायच्या. पण गंमत अशी की ही बाई जन्मात कधी संपावर गेली नव्हती. तीन-चारदा संप ठरला, बाकीच्या बाहेर बसल्या, आणि बाई आत. दंडाला काळी फीत लावून इंजेक्शन देतायत. का, तर ओव्हर घ्यायला कुणी नाही. आणि ओव्हर दिल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता. बाकीच्या सिस्टर मागं चेष्टा करायच्या, भाषण युनियनचं आणि हजेरी मालकाची. हे बाईंच्या कानावर जायचं. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या, पण त्या दिवशी ड्रेसिंगचा गॉज कापताना कात्रीचा आवाज जरा मोठा यायचा.

दुपारी पेशंट झोपले की आम्ही दोघं व्हरांड्यात बसून गॉज कापायचो. मी घड्या घालायचो, त्या कापायच्या. तेव्हा आमचं भांडण चालायचं. मी संपाच्या विरुद्ध. माझा थोरला भाऊ खोपोलीला कारखान्यात होता. त्यांनी संप केला, मालकानं गेट लावलं, ते गेट परत उघडलंच नाही. भाऊ त्यानंतर वीस वर्षं जगला, पण कुणी विचारलं काय करता तर सांगायचा, कारखान्यात आहे, सध्या बंद आहे. हे मी घरात बघितलेलं. तेव्हा मी बाईंना म्हणायचो, संपानं कुणाचं भलं झालंय? आणि तिथं निदान यंत्र बंद पडतं. तुमचं यंत्र म्हणजे माणूस.

बाई कापता कापता म्हणायच्या, "तेच तर मामा. कारखाना बंद पडला की मालकाची झोप उडते. इथं आमी बाहेर गेलो तर पेशंटची उडंल. मालकाला हे ठाऊक हाय, म्हणून तो निवांत. आमच्या दयेवर त्याचं भागतंय."

"मग करू नका संप."

"आणि वर एक, खाली एक, अशा दोन वॉर्डांना रातीची एकच सिस्टर, हे चालू द्यायचं?"

"आजवर चाललंच की."

"चाललं तुमी म्हणता. मेलेलं माणूस येऊन सांगतं का, की चाललं नव्हतं?"

यावरही मी कधी हार मानली नाही. मी म्हणायचो, बरं, मग करा संप, सांगा कसा करणार. तेव्हा त्या कात्री थांबवायच्या. "तेच कळत नाय. वॉर्ड न सोडता संप कसा करायचा ते मी शोधतेय." पंधरा वर्षं त्या हेच शोधत होत्या.

मागणी एवढीच होती. रात्रीच्या पाळीला दुसरी सिस्टर. वरच्या वॉर्डात सिस्टर असली की खाली कुणी नाही, आणि खाली बाळंतपण निघालं की वर कुणी नाही. मोठ्या डॉक्टरांना विचारलं की ते म्हणायचे, रात्री पेशंट झोपलेले असतात, एक पुरते. मोठे डॉक्टर म्हणजे दवाखान्याचे प्रमुख. शांत माणूस, हाताला गुण. ट्रस्टवाले त्यांचं ऐकायचे. पण रात्री वॉर्डात काय असतं ते त्यांनी बघितलं नव्हतं. रात्री त्यांना बोलावलं तर ते यायचे, बघायचे, जायचे. मधला वेळ त्यांना माहीत नव्हता.

करोनाच्या आधी दोनेक वर्षं असतील. माझी मंडळी दवाखान्यात होती. तिला साखर. पायाला काटा लागला, तिनं हळद भरली, मला सांगितलं नाही, आणि आठ दिवसांनी अंगठ्याला काळपट रंग चढला. डॉक्टर म्हणाले, पाय वाचवू, कदाचित अंगठाही, पण महिनाभर राहावं लागेल, रोज ड्रेसिंग, दोन वेळा इन्सुलिन. वरच्या वॉर्डात चार नंबरची खाट. तिचं माहेर कोंडाणे, तेव्हा बाई तिला कोंडाणे म्हणायच्या. माझी ड्युटी दिवसाची. रात्री बायकांच्या वॉर्डात पुरुष माणसाला राहू देत नाहीत, मग मी कळंबला घरी जायचो. मंडळीला सकाळी विचारायचो, झोप लागली का. ती म्हणायची, लागली. पाय दुखतो का? नाय दुखत. बरं, म्हणून मी बादली उचलायचो.

तिला दाखल करून पाच-सहा दिवस झाले असतील, बाईंनी संपाची नोटीस दिली. पंधरा दिवस आधी, लेखी. ती नोटीस त्यांनी स्वतः डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि पहिली सही त्यांची होती. मला क्लार्कनं सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसेना. पंधरा वर्षं जिला जमलं नाही ती आत्ता संपावर, माझी बायको खाटेवर असताना?

मी सरळ वर गेलो. बाई गॉज कापत होत्या. मी उभ्या उभ्या म्हणालो, "बाई, तुमच्या संपात माझी बायको मेली तर?"

त्यांनी वर बघितलं नाही. मला वाटलं त्या भांडतील, पंक्चरचं काही बोलतील. काही नाही. कात्री चालू.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. गॉजच्या घड्या खाली बसून घालायला लागलो. त्या "मामा" म्हणाल्या की मी काम करायचो, पण तोंड उघडायचो नाही. मंडळी मला म्हणाली, असं करू नये हो, चांगली बाई हाय. मी म्हणालो, तू गप, तुला काय कळतंय. हे मी म्हणालो. आता लिहिताना बरं वाटत नाही, पण म्हणालो होतो.

त्या पंधरा दिवसांत बाईंनी नवीन पेशंट घेणं कमी करायला लावलं, बरे होते त्यांना घरी पाठवलं, अवघड होते त्यांना पनवेलला पोचवलं. उरले अकरा. त्यांत आमची, कारण रोजच्या ड्रेसिंगचा पाय घेऊन जायचं कुठं.

संपाच्या सकाळी आठ वाजता बाकीच्या सिस्टर गेटाबाहेर जांभळाखाली खुर्च्या टाकून बसल्या. बाई आत, रात्रीची पाळी त्यांनीच केलेली. डॉक्टर आले आणि जरा हसले. त्यांनाही माहीत होतं, ही बाई जायची नाही. म्हणाले, "काय सिस्टर, काळी फीत आणली आहे ना?"

बाई म्हणाल्या, "आणलीय. ओव्हर घ्या."

"कोणी?"

"तुमी. पाळी माझी संपली. दुसरी सिस्टर नाय. दवाखाना तुमचा, तर ओव्हर तुमची."

डॉक्टर म्हणाले ठीक आहे, मी बघतो, तुम्ही जा. बाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "बघतो नाय साहेब. घ्या." आणि रजिस्टर उघडलं. मला हाक मारली, "मामा, ट्रे." मी बोलत नव्हतो, पण ट्रे उचलला. ड्युटी ती ड्युटी.

खालच्या वॉर्डापासून सुरुवात केली. मी तिथं हजारदा ओव्हर ऐकली होती, पण त्या दिवशी बाईंनी काहीच सोडलं नाही. पहिली खाट चौकची. ट्रक ड्रायव्हर, पोटाचं ऑपरेशन. औषधं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "हा जेवलो म्हणतो, जेवत नाय. ताट बाजूच्याला देतो. ताट उचलण्याआधी बघायचं." चौक खाटेवर शरमून छताकडं बघायला लागला. पुढचा एक वाडीवरचा म्हातारा. "याला मराठी कळतं, पण आपण भराभरा बोललो की नुसती मान हालवतो. हळू बोलायचं. पाणी मागत नाय, हात थरथरतो म्हणून लाजतो. पेला आपण धरायचा. दिवसा चारदा, रातीची तीनदा." डॉक्टर म्हणाले, रात्री तीनदा? बाई म्हणाल्या, "रातीची तहान लागते साहेब. झोपलेला दिसतो, पण जागा असतो."

डॉक्टरांनी पेन काढलं. आधी ते नुसते ऐकत होते.

असं करत करत वर आलो तेव्हा दहा वाजून गेले होते. एक, दोन, तीन. मग चार. मंडळी उशीला टेकून बसली होती. मी ट्रे धरून मागं उभा. इन्सुलिन किती, किती वाजता, जखम किती बोटं, पू कमी आहे, अंगठा वाचलाय. मग बाईंनी रजिस्टर मिटलं आणि तोंडानं सांगायला लागल्या.

"ही कोंडाणे. हिला दुखतं का म्हणून विचारायचं नाय. ही नाय म्हणते. घरच्या माणसाला तर नक्कीच नाय म्हणते. टाच बघायची. दुखत असलं की टाच चादरीवर घासते, चादर चुरगळते. चादर चुरगळलेली दिसली की गोळी द्यायची."

मी चादरीकडं बघितलं. चादर चुरगळलेली होती.

मंडळी हळूच म्हणाली, "बाई, राहू द्या."

"राहू द्यायचं नसतं कोंडाणे, ओव्हर हाय." मग डॉक्टरांकडं वळून त्या म्हणाल्या, "दाखल झाल्यावर चौथ्या राती हिची साखर उतरली. मी डबल ड्युटीला होते, खाली बाळंतीण अडली होती, तास-सव्वा तास मला वर येता आलं नाय. हिला घाम फुटला. ही पेला खाटेच्या गजावर आपटत राहिली. खाली आवाज आला नाय. बाजूच्या म्हातारीनं बिस्किटाचा पुडा फेकला, तो हिच्या पायाशी पडला. तो घ्यायला ही जमिनीवर उतरली आणि तिथंच बसून खाल्ला. मी आले तेव्हा फरशीवर होती. चूक माझी. माझ्या पाळीत झालं. हिनं शपथ घातली, घरच्या माणसाला सांगू नका, तो रातभर पायरीवर बसून राहील, नायतर तुमच्याशी भांडंल. मी सांगितलं नाय. पण ओव्हरमधी लपवता येत नाय. म्हणून आज सांगितलं. आणि नोटीस त्याच्या दुसऱ्या दिवशी दिली."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी एका हातात ट्रे धरून दुसऱ्या हातानं तिची चादर सरळ करायला लागलो. बाईंनी तो माझ्या हातातून काढून टेबलावर ठेवला. मी त्यांना विचारलं होतं, माझी बायको मेली तर? आणि त्या गॉज कापत राहिल्या होत्या.

उरलेल्या खाटा झाल्या, कात्र्या मोजल्या, चादरी मोजल्या. पावणेअकरा वाजले. डॉक्टरांनी सही केली. तेव्हा बाईंनी गळ्यातला पाना काढला आणि त्यांच्या गळ्यात घातला. डॉक्टर उंच, त्यांना वाकावं लागलं. "हा गळ्यातून काढायचा नाय. आंघोळीलासुद्धा." एवढं बोलून बाई जिना उतरल्या, गेट ओलांडलं आणि जांभळाखाली खुर्चीत बसल्या. जन्मात पहिल्यांदा. बाकीच्या सिस्टर टाळ्या वाजवायला लागल्या तर त्यांनी हात करून गप्प केलं, पेशंट झोपलेत म्हणून.

आता लोक म्हणतात, मामा तेव्हा संपावर गेला होता. खोटं आहे. मी संपावर गेलो नाही. मी खाली गेलो, खाकी सदरा काढून खुंटीला टांगला, बंडीवर वर आलो आणि मंडळीच्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसलो. डॉक्टर म्हणाले, मामा, तीन नंबरला बेडपॅन. मी दिलं. दोन नंबरला पाणी. दिलं. काम एक सोडलं नाही. फक्त क्लार्क मस्टर घेऊन आला तेव्हा सही केली नाही. तो म्हणाला, "मामा, काम करताय तर सही करा की." मी म्हणालो, आज मी पेशंटचा नातेवाईक आहे. नातेवाईक मस्टरवर सही करतो का? तो म्हणाला लाल शाई लागेल. मी म्हणालो, तुझी शाई, तू लाव.

मंडळी चादर ओढून हसत होती. मग मी चादर बघितली आणि डॉक्टरांना सांगितलं, साहेब, हिची गोळी.

दुपारी दोनला पाळी बदलायची वेळ. डॉक्टर घड्याळाकडं बघत दारात उभे राहिले. कोण येणार? रात्री आठला परत तेच. बाईंचा नियम आता त्यांना लागू झाला होता. घेतलेली ओव्हर दिल्याशिवाय जाता येत नाही, आणि घ्यायला कुणी नाही. क्वार्टर मागंच पन्नास पावलांवर, पण ते गेले नाहीत. घरून डबा आला, तो व्हरांड्यात उभ्यानं खाल्ला. मला बायकांच्या वॉर्डात रात्री राहायची परवानगी त्यांनीच दिली, आणि रात्री काय काय झालं ते मी सांगत नाही, पेशंट झोपले नाहीत एवढंच सांगतो. व्हरांड्यातून ते एकदा जांभळाकडं बघून ओरडले, सिस्टर, पाच नंबरची औषधांची डायरी सापडत नाही. बाईंनी खुर्चीतून उठायचं म्हणून हात टेकला, आणि परत बसल्या. "ओव्हरमधी सांगितलंय साहेब," एवढंच. डायरी उशीखाली होती. सांगितलं होतं खरंच.

पेशंटच त्यांना शिकवायला लागले. चौक म्हणाला, साहेब, आधी माझं ताट बघा, मग म्हाताऱ्याला पाणी पाजा, बाईंचा रस्ता तसा हाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रस्टची गाडी मुंबईहून आली. डॉक्टरांची दाढी वाढलेली, गळ्यात पाना. ट्रस्टवाले बोलायला लागले, नर्सांनी पेशंटला वेठीला धरणं बरोबर नाही, वगैरे. मीही हेच बोलायचो, शब्द फक्त साधे असायचे. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्याकडून आधी ओव्हर घ्या. मग तुमच्याशी बोलतो." ते उठून पहिल्या खाटेकडं निघाले. ट्रस्टवाले त्यांच्या मागं चार खाटा गेले. पाचवीला न जाता ते ऑफिसात परतले आणि कागद मागवला. रात्रीला दुसरी सिस्टर. त्यावर शिक्का बसला.

बाई आत आल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, ओव्हर द्या. डॉक्टरांनी दिली. सव्वा तास. एक खाट सोडली नाही. शेवटी म्हणाले, "सिस्टर, एक तुम्ही सांगितलं नव्हतं. चौक उशीच्या अभ्र्यात तंबाखू ठेवतो. पहाटे खातो." बाईंनी चौककडं असं बघितलं की तो पांघरुणात गेला. मग रजिस्टरात लिहिलं आणि म्हणाल्या, "ही माझी चूक. लिहून घेतली." पाना परत त्यांच्या गळ्यात गेला.

माझ्याजवळून जाताना थांबल्या. मी आपणहून तोंड उघडलं. मी म्हणालो, गॉज संपलाय. त्या म्हणाल्या, "मग या दुपारी." मी गेलो. भांडण परत सुरू झालं. मी म्हणालो, भावाचा संप वेगळा होता. त्या म्हणाल्या, "वेगळा होताच. त्याच्या मालकानं ओव्हर घेतली नव्हती." त्यावरही मी हार मानली नाही.

मंडळीचा अंगठा वाचला. ती आता बाजारात माझ्या पुढं चालते. बाई रिटायर झाल्या, तेव्हा वॉर्डाची ओव्हर द्यायला त्यांना चार तास लागले, नव्या इन्चार्ज सिस्टरला मधे चहा पाजावा लागला. तोवर पाइपातून ऑक्सिजन आला होता, पाना कुणाला नको होता, तो त्या घेऊन गेल्या. चौकला बापाच्या घरात राहतात. आजूबाजूच्या ढाब्यावरचे, गॅरेजवाले बीपी दाखवायला येतात. त्या विचारत नाहीत, बघतात.

गेल्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, पनवेलला. मुलगा पुण्याला, त्याला सुट्टी मिळेना. मी म्हणालो, मी एकटा जाईन, मला दिसतं. मंडळीनं मला न विचारता बाईंना फोन केला. सकाळी बाई रिक्षातून दारात हजर. पिशवी खांद्याला, पाना गळ्यात. मी म्हणालो चला, उशीर होतोय. बाई ओट्यावर बसल्या. "ओव्हर घेतल्याशिवाय कसं निघायचं?"

मंडळी पदर खोचून उभी राहिली. मला वाटलं गोळ्या सांगेल. तिनं गोळ्या सांगितल्या, मग सांगायला लागली. "ह्याला दिसतं का विचारू नका. दिसतं म्हणतो. कालच मिठाच्या डब्यातलं मीठ साखर म्हणून चहात घातलं आणि तसाच प्यायला, चूक कबूल करायला नको म्हणून. थेंब टाकले म्हणंल, टाकलेले नसतात. डोळ्याखाली ओलं हाय का ते बघा. जेवणाच्या आधी चिडला तर भूक लागलीय, जेवल्यावर चिडला तर दुखतंय. आणि विचारलंत तर सांगंल, मी कधी संपावर गेलो नाय."

बाई माझ्याकडं बघत होत्या. "बघायचं काय मग?"

मंडळी म्हणाली, "मस्टर. तीन दिवस लाल."

"घेतली," असं म्हणून बाई उठल्या आणि माझा दंड धरून मला रिक्षात बसवलं. मला दिसत होतं, धरायची काही गरज नव्हती. आणि अजून सांगतो, मी संपावर गेलो नव्हतो. सही राहून गेली होती.